फोटोतलं पाणी

मालवणहून परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "मासे खाल्ले का?" खाल्ले. बांगड्याचं तिखलं खाल्लं, तळलेली सुरमई खाल्ली, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं खाल्लं. सोलकढी तर पाण्यासारखी प्यायले. समुद्र पाहिला, होडीत बसले, वाळूत पाय रुतवून सूर्यास्त पाहिला. एवढं सगळं करूनही मी परत आले ती रागानं फणफणत. ज्यांना फक्त माशांचं ऐकायचंय त्यांनी आमच्या वन्संना भेटावं, त्या रंगवून सांगतात. मला दुसरंच सांगायचंय.

आम्ही माण तालुक्यातल्या. आमच्याकडे ढग येतात ते दुसरीकडे जायला. लहानपणापासून टँकर पाहिलेत, टँकरमागे कळशी घेऊन धावलेय, जनावरांच्या छावण्या पाहिल्यात. हायस्कुलात भूगोल शिकवताना फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढायचा आणि डावीकडची निमुळती पट्टी निळ्या खडूनं भरायची: कोकण, भरपूर पावसाचा प्रदेश. पोरं त्या पट्टीकडे बघून सुस्कारे टाकायची. मीही टाकायची. निवृत्त झाल्यावर ती पट्टी डोळ्यांनी पाहायचं ठरवलं. सोबतीला नणंद, सुमनवन्सं. मे महिना होता, घरच्यांनी "उकडेल" म्हणून बजावलं होतं. आम्ही म्हटलं, आम्हाला उकाड्याचं काय सांगता?

घाट उतरून

कोल्हापूर सोडून एसटी घाट उतरू लागली तशा वन्सं खिडकीला चिकटल्या. "वहिनी, बघा तरी, भर उन्हाळ्यात हिरवं!" वैभववाडीला गाडी थांबली. बाजारात ओले काजूगर, फणस, आणि जांभळ्या रंगाच्या रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, टोपल्या. एका बाईनं रातांबा फोडून आमच्या हातावर ठेवला. वन्संनी बीसकट तोंडात टाकला आणि त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं, की ती बाई पोट धरून हसली. तळहात लाल झाले ते दोन दिवस तसेच होते.

संध्याकाळी खाडीकाठच्या एका वाडीत पोचलो. वाडीचं नाव लिहीत नाही. जिच्या घरी उतरलो तिनंच सांगितलंय, "लिवा सगळा, पण नाव नको. आमका हयच ऱ्हवूचा आसा."

तिचं नाव दर्शनाताई. पन्नाशीची, काटक, केसात अबोलीचा वळेसर. नवरा मोठ्या बोटीवर खलाशी. ताडामाडांत चार खोल्या बांधून ती पाहुणे ठेवते. अंगणातून खाडी दिसते, मागून समुद्राची गाज येते. दोन्ही बाजूंना पाणी आणि मध्ये वाळूची चिंचोळी जमीन. मी मनात म्हटलं, हाच तो निळा खडू.

हातपाय धुवायला नळ सोडला. ताई आतून धावत आल्या.

"ह्या पाणी पिऊ नकात हां, बाई. बावीचा आसा. खारा."

चूळ भरून झालीच होती. बाव म्हणजे विहीर, हे कळेपर्यंत मीठ जिभेवर बसलं. प्यायला विकतचा जार होता. अंगणाच्या कोपऱ्यात मात्र आणखी एक नळ होता. सिमेंटच्या ओट्यावर उभा, त्यावर निळ्या रंगात योजनेचं नाव, आणि त्याच्या तोटीला कोंबडीच्या पिल्लांची टोपली अडकवलेली.

"हा कसला?"

"तो सरकारचो," ताई म्हणाल्या. "तो फक्त बघूचो."

रात्री जेवताना सगळं कळलं. वाडीच्या टोकाला उंच टाकी बांधलीय, घराघरांत नळ आलेत. उद्घाटनाच्या दिवशी टाकीत टँकर ओतला, नळांना झेंडूचे हार घातले. योजनेच्या साहेबांच्या माणसानं ताईंना नळाशी उभं केलं. "माका म्हणालो, ताई, हसा. मी हसलंय. खरोखरच बरा वाटला होता ना! दुसऱ्या दिवशी नळ सोडलंय तर नुसतो वारो इलो."

त्यांनी हे हसत हसत सांगितलं. वन्संही हसल्या. माझा घास घशात अडकला. वन्संना वाटलं काटा अडकला, त्यांनी पाठीत एक गुद्दा घातला.

देवबाग, आणि खाडीपलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी देवबागला गेलो. जिथे खाडी समुद्राला मिळते ती जागा मी जन्मभर विसरणार नाही. दोन रंगांची पाणी एकमेकांना रेलून उभी असतात, मध्ये फेसाची एक रेघ. वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा लाइफ जॅकेट घातलं आणि होडीवाल्याला "हळू ने रे बाबा" म्हणत तिथल्या सगळ्या देवांची नावं घेतली. डॉल्फिन दिसलेच नाहीत. त्याचं वाईट वाटलं नाही.

परत आलो तर ताई रिकामे कॅन होडीत भरत होत्या. आतल्या खोलीतून बाळाचं रडणं येत होतं. ताईंची लेक, प्राची, बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झालेली, अजून नाव ठेवायचं होतं. आदल्या दिवशी आम्ही दमलेले, म्हणून नीट पाहिलं नव्हतं. प्राचीनं दुपटं बाजूला केलं. पोरीच्या मानेवर, काखेत, मांड्यांवर लालभडक पुरळ.

"डॉक्टर म्हणाले, खाऱ्या पाण्यानं अंघोळ घालू नका," प्राची म्हणाली. ती शिकलेली, आमच्याशी शुद्ध बोलायची. "जारचं पाणी पाहुण्यांपुरतं येतं. म्हणून आई रोज पलीकडे जाते."

पलीकडे म्हणजे खाडीच्या दुसऱ्या काठाला. तिथे सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पायथ्याशी जांभ्या दगडात एक झरा आहे, त्यावर कोणा पूर्वजानं बांधलेली छोटी बाव. मी म्हटलं, मीही येते.

झऱ्याचं पाणी इतकं गोड होतं, की मी ओंजळीनं पीतच राहिले. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायाही आलेल्या. हंडे, कॅन, कळश्या. रांग, रांगेतली भांडणं, "माझो नंबर" आणि "तुझो कसो?" हे सगळं मला इतकं ओळखीचं होतं, की क्षणभर मी आमच्याच गावच्या टँकरपाशी उभी आहे असं वाटलं. फरक एवढाच, की आमच्याकडे आभाळाला शिव्या देता येतात. इथं आभाळ तर चार महिने ओततं. मग शिव्या कोणाला द्यायच्या?

येताना होडीचा काठ पाण्याच्या पातळीला आलेला. ताई वल्हवत होत्या. तेवढ्यात पर्यटकांची एक वेगवान बोट, मागे रबरी फुगा आणि त्यावर किंचाळणारी माणसं घेऊन, आमच्या अगदी जवळून गेली. लाट आली. होडी एका बाजूला झुकली, कॅन घरंगळले, मी फळी घट्ट धरली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा ताई होडीत नव्हत्या.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मला पोहता येत नाही. आमच्याकडे पोहायला पाणी कुठलं? सात-आठ हातांवर ताईंचं डोकं वर आलं, तोंडात केस, हातात एका कॅनची मूठ. दुसऱ्या होडीतल्या दोघांनी त्यांना वर ओढलं. कोपर खरचटून रक्त येत होतं. बुडता बुडता वाचलेल्या त्या बाईनं श्वास घेतला आणि पहिलं काय म्हणावं?

"पाणी गेला गो बाई, सगळा पाणी गेला."

फुग्यावरच्या माणसांनी लांबून हात हलवला. त्यांना वाटलं आम्ही मजा करतोय.

त्या संध्याकाळी मासा ताटात तसाच राहिला. वन्संनी स्वतः उठून जारमधलं आमच्या वाटणीचं पाणी तापवलं आणि बाळाला अंघोळ घातली. आम्ही दोघी खाऱ्या पाण्यानं न्हालो. रात्रभर अंग चिकट आणि डोक्यात राग. मी ताईंना म्हटलं, "उद्या आपण कार्यालयात जाऊ."

"गेल्ले आमचे लोक. दोनदा."

"आता मी येते."

त्या हसल्या. मास्तरणीची ऐट त्यांना कळली असावी.

कार्यालय

तालुक्याच्या गावी पाणी-योजनांचं एक कार्यालय आहे. आवारात हिरवळ, हिरवळीवर रबरी नळीनं पाणी चाललेलं. ते पाहूनच ताई पायरीवर थबकल्या. मग पदर नीट केला आणि आत गेल्या.

साहेब तरुण होते, इस्त्रीचा शर्ट, बोलायला फार गोड. बसा म्हणाले, पाणी मागवलं. काचेच्या पेल्यातलं ते पाणी ताईंनी एका घोटात संपवलं. मग घरात कधी न बोललेल्या शुद्ध मराठीत त्यांनी सांगायला सुरुवात केली, "साहेब, आमच्या वाडीत नळाला पाणी येत नाही. घरात तान्हं बाळ आहे..."

साहेबांनी वाडीचं नाव विचारलं, संगणकात टाकलं आणि भुवया उंचावल्या.

"तुमच्या वाडीत तर सगळ्या घरांना पाणी मिळतंय."

"नाही मिळत."

"इथे योजना पूर्ण दाखवतंय. लाभार्थींचे फोटोसुद्धा आहेत." त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. झेंडूचा हार घातलेला नळ, नळातून पाण्याची जाड धार, आणि शेजारी तोंडभर हसणाऱ्या दर्शनाताई.

"या तुम्हीच ना?"

ताई स्वतःच्या हसण्याकडे बघत राहिल्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, पाणी का येत नाही ते तरी सांगा. साहेबांनी मोकळेपणानं सांगितलं, त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. विहिरीवर पंप बसवलाय, पण पंपाला वीजजोडणी नाही. वीज हा वेगळा विभाग. पत्र दिलेलं आहे.

"मग योजना पूर्ण कशी?"

"आमच्याकडचं काम पूर्ण आहे, मॅडम. टाकी झाली, पाइप झाले, नळ झाले."

"आणि पाणी?"

"पाणी हा पुढचा भाग."

मी तीस वर्षं पोरांची उत्तरं तपासली. कच्ची, पोकळ, पाठ केलेली, सगळ्या तऱ्हेची. इतक्या शांतपणे दिलेलं इतकं निर्लज्ज उत्तर मला कधी तपासावं लागलं नव्हतं. माझा आवाज चढला. टाकी पाण्यासाठी बांधतात की बोर्ड लावायला, असं मी विचारलं. कालच्या खाडीतलं सांगितलं. या बाई बुडाल्या असत्या तर तुमच्या संगणकात त्या हसतच राहिल्या असत्या, असंही बोलले. साहेबांचा चेहरा जरा उतरला. म्हणाले, माझ्याकडे दोन तालुक्यांचा कारभार आहे, माणसं नाहीत, गाडीला डिझेल नाही. ते खरंही असेल. पण मग त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही इथल्या का?"

"नाही. फिरायला आलेय."

"मग कशाला त्रास करून घेता? मजा करा. आमचं कोकण छान आहे."

तेव्हा ताई उठल्या. त्यांची शुद्ध मराठी उंबऱ्याबाहेर गेली.

"साहेब, माका दुसरा काय नको. त्या फोटोतला पाणी आसा ना, ताच देवा. ता माझ्याच नावान जमा आसा."

साहेबांनी लेखी अर्ज द्या म्हणून सांगितलं. आधीचे दोन अर्ज कुठे आहेत, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही.

बारसं

परतीच्या वाटेवर एसटीतून उतरल्यावर ताईंनी मला थांबवलं. "परवा बारसो. आमच्यात बाळंतीण त्या दिवशी पाण्याची पूजा करता, कळशी भरता. मगच घरात कामाक लागता." मग म्हणाल्या, "खाऱ्या बावीची पूजा मी प्राचीक करूक देवचंय नाय."

मला वाटलं झऱ्यावर नेणार. त्या म्हणाल्या, "तान्ह्या पोराक घेवन खाडीत? काल बघलात ना?"

आम्ही दुसऱ्या दिवशी निघणार होतो. वन्संनीच परस्पर मुक्काम वाढवून घेतला. मला म्हणाल्या, "देव बघायला आपण कुठंकुठं जातो, वहिनी. हे बघितल्याशिवाय मी येत न्हाई."

बारशाच्या सकाळी मासळीचा टेम्पो धुऊन काढला, त्यात चटया टाकल्या. वाडीतल्या बाया नऊवारी, सहावारी, जिला जे जमेल ते नेसून चढल्या. प्राची हिरव्या साडीत, कानाला रुमाल बांधलेली, मांडीवर बाळ. टेम्पो थेट त्या कार्यालयाच्या आवारात जाऊन थांबला.

हिरवळीवरचा नळ सुरूच होता. ताईंनी रबरी नळी काढून बाजूला ठेवली. प्राचीनं नळाला हळदकुंकू वाहिलं, अबोलीचा वळेसर घातला, नारळ ठेवला. बायांनी ओव्या धरल्या. कळशी भरू लागली. मी आयुष्यात पुष्कळ पूजा पाहिल्यात, पण हात जोडताना माझ्या अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

साहेब बाहेर आले. "हे काय चाललंय?"

"बारसो, साहेब," ताई म्हणाल्या. "बाळंतिणीन पाण्याची पूजा करूची लागता. आमच्या वाडीत पाणी नाय. म्हणान हय इलो."

"अहो, ही सरकारी जागा आहे!"

"पाणी पण सरकारीच आसा ना? आमका तरी खंय दुसरा होया?"

बाजाराचा दिवस होता. फाटकाशी माणसं जमली, मोबाइल वर झाले. साहेबांनी शिपायाला बायांना बाहेर काढायला सांगितलं. शिपाई पायऱ्या उतरला, प्राचीपर्यंत आला, बाळाकडे बघितलं आणि हात मागे बांधून उभा राहिला. मग आतून एक कारकून बाई आल्या, साहेबांकडे न बघता. पर्समधली कुंकवाची डबी काढून त्यांनी प्राचीला कुंकू लावलं. "बाळंतीण दारात आली, तिची ओटी भरल्याशिवाय पाठवायची नाही," असं म्हणून त्यांनी टेबलावरची दोन केळी आणि सकाळीच बाजारात घेतलेलं ब्लाउजपीस तिच्या ओटीत घातलं. त्यांच्यामागून आणखी दोघी आल्या.

साहेब आत गेले. खिडकीतून दिसत होतं, फोन कानाला लावून ते येरझाऱ्या घालत होते. बाहेर आले तेव्हा म्हणाले, वीज विभागाशी बोलणं झालंय, जोडणी लगेच देताहेत, तोवर टँकर पाठवतो.

बायांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. एवढंच होतं? एक फोन? ज्या फोनसाठी ताईंनी रोज खाडी ओलांडली, पोरीच्या अंगाची लाही झाली, तो फोन साहेबांच्या टेबलावर सगळा वेळ तसाच होता. मला त्यांच्याशी भांडायचं होतं. वन्संनी माझा दंड धरला. "गप बसा, वहिनी. कळशी भरू द्या."

सगळे कॅन भरले. शेवटी शिपायानंच ते टेम्पोत चढवले. दुपारी वाडीत त्या पाण्यानं बाळाला अंघोळ घातली आणि पाळण्यात नाव ठेवलं, सानिका. ताईंनी घावणे आणि खोबऱ्याचा रस वाढला. आमच्याकडे बारशाला घुगऱ्या आणि पुरणपोळी असते, पण त्या दिवशीच्या गोडाला तोड नव्हती. दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा रस्त्यात टँकर भेटला. तो आमच्या वाडीकडेच वळला, हे मान वळवून वळवून खात्री होईपर्यंत पाहिलं.

घरी

जूनच्या मध्यात ताईंचा फोन आला. पावसाचा आवाज इतका, की त्या ओरडून बोलत होत्या. सानिकाचं पुरळ गेलं होतं. पंपाला वीज आली होती, नळाला पाणी आलं होतं, दिवसाआड.

"तुमच्या नळाला?" मी विचारलं.

"आमच्याक नाय. आमचा घर शेवटाक ना, थयसर पोचाक जोर पुरणा नाय. निम्म्या वाडीक येता. मी चार घरां सोडून हाडतंय. पण खाडी तरी ओलांडूक लागणा नाय. बरा झाला, बाई."

म्हणजे पुन्हा कळशी, पुन्हा डोकं, पुन्हा दुसऱ्याच्या दारात रांग. आणि संगणकात आता कसला फोटो असेल कोण जाणे. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्या उत्साहानं म्हणाल्या, "आमी त्या साहेबांका कलमाचे शेवटचे आंबे देवन इलो. पेटी भरान."

"आंबे? कशासाठी?"

"पाणी दिल्यानी म्हणान."

मला हुंदका आला तो रागाचा होता. "अहो ताई, ते पाणी तुमचंच होतं! तुमच्या हक्काचं. त्याचे आभार कसले मानता?"

पलीकडे पाऊस कोसळत होता. माझ्या फळ्यावरच्या निळ्या पट्टीवर पडतो तो, भरपूर. ताई मग मला समजावल्यासारख्या म्हणाल्या,

"आमचाच ओ बाई, ता माका ठावक आसा. पण आमचा आमका देवूक कोण तरी होयो ना?"